कमी गुणांवरचे उपचार

बारावीत गुण कमी पडले की सीमाभागातल्या वडगावात मागावरच्या धोट्यापेक्षा शेजाऱ्यांच्या जिभा वेगाने चालतात. वास्तविक एमबीबीएसची गुणवत्ता यादी ‘नीट’ या प्रवेश परीक्षेवर लागते, बारावीत खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के पुरतात. पहिला उपचार म्हणजे ‘रिपीट’. प्रयत्नांवर मर्यादा नाही आणि २०२२ पासून कमाल वयाची अटही उठली आहे. त्यामुळे घरी एकच वर्ष पुन्हा पुन्हा साजरे करता येते.

दुसरा उपचार महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा. वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र काही जागा राखतो. १९५६ पासून न सुटलेल्या प्रश्नाचा एवढा तरी उपयोग होतो. मात्र ‘नीट’ तिथेही चुकत नाही.

तिसरा उपचार पैशाचा. २०२५ मध्ये खुल्या गटाला ‘नीट’च्या पात्रतेसाठी ७२० पैकी १४४ गुण पुरले. उरलेली गुणवत्ता खासगी महाविद्यालयात शुल्काने भरून काढता येते. एनआरआय कोट्यासाठी परदेशस्थ नातलग लागतो. पंजाब सरकारने २०२४ मध्ये काका, मामा, आत्या, मावशी यांच्यापर्यंत ही सोय वाढवली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तिला फसवणूक ठरवले.

पुढे पदव्युत्तर प्रवेशात तर २०२३ साली पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणून सरकारनेच सर्वांची चिंता मिटवली. तात्पर्य, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने गुणांची काळजी करू नये. इतरांनी जीवशास्त्राच्या ३६० गुणांपासून अभ्यासाला लागावे.