चार सिलिंडर रजेवर

अमेरिकेत मोठी गाडी घ्यायची तर आठ सिलिंडरांची, असा तिथला एक जुना पंथ आहे. जनरल मोटर्सच्या टाहो, सबर्बन, युकॉन आणि एस्कलेड या अवाढव्य एसयूव्ही प्रामुख्यानं याच पंथाच्या जिवावर खपतात. गिऱ्हाईक आठ सिलिंडरांचे पैसे मोजतं, बॉनेटखाली आठ आहेत याचा अभिमान बाळगतं. मग त्याच इंजिनात कंपनी एक यंत्रणा बसवून देते. तिचं काम एकच, या आठांपैकी जमतील तितक्यांना घरी बसवणं.

ही रजा मंजूर होते लिफ्टरच्या टेबलावर. लिफ्टर म्हणजे पोलादाचा एक छोटा दंडगोल. कॅमशाफ्ट त्याला ढकलतो, तो पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला. साधा लिफ्टर हे काम वर्षानुवर्षं निमूट करतो. सिलिंडर बंद पाडणाऱ्या लिफ्टरच्या पोटात मात्र बारीक खिळ्या असतात. ऑइलचा दाब दिला की खिळ्या आत सरकतात आणि लिफ्टर स्वतःतच दबतो. कॅम बिचारा ढकलत राहतो, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. सिलिंडर रजेवर गेला. दाब काढला की खिळ्या पुन्हा अडकायच्या आणि सिलिंडरनं कामावर रुजू व्हायचं.

गडबड होते ती रुजू होताना. खिळी अडकली नाही तर लिफ्टर दबलेलाच राहतो. इंजिन टिकटिक वाजू लागतं, मिसफायर होतं, चेक इंजिनचा दिवा लागतो, कधी पुशरॉड वाकतो. लिफ्टरचा रोलर बिघडला तर तो कॅमशाफ्टच खरवडायला घेतो. लिफ्टर बदलायचा म्हणजे सिलिंडर हेड उतरवायचं. हे सगळं पाच-दहा हजार मैल चाललेल्या, अजून नव्याचा वास न गेलेल्या गाड्यांतही घडलं आहे. मालक सर्व्हिस सेंटरला गेला की पहिल्या फेरीत त्याला बहुधा ऐकायला मिळतं, की थोडा आवाज असायचाच, गाडीचा स्वभावच तसा आहे. दुसऱ्या फेरीला गाडी टो होऊन येते.

इंधन वाचवायला सिलिंडर बंद ठेवण्याची कल्पना नवी नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकी सरकारनं १९७५ साली कायदा करून कंपन्यांवर सरासरी मायलेजचं बंधन घातलं. १९८१ मध्ये जनरल मोटर्सच्याच कॅडिलॅकनं त्यावर तोडगा आणला: गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरांवर चालणारं इंजिन. आत्ता किती जण हजर आहेत, हेही बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर दिसायचं! त्या काळच्या संगणकाला हा हजेरीपट झेपला नाही. गाड्या अडखळू लागल्या, हिसके देऊ लागल्या, आणि पुष्कळ मालकांनी मेकॅनिककडून ती यंत्रणाच तोडून घेतली. पुढच्याच वर्षी ती साध्या गाड्यांतून गेली, फक्त लिमोझीनमध्ये काही काळ तग धरून राहिली.

दोन तपं उलटली. २००५ च्या मॉडेलांत तीच कल्पना नव्या लिफ्टरांसह परतली, आता आठातले चार बंद ठेवायला. मग २०१९ च्या पिकअपमध्ये सुधारित आवृत्ती आली. सोळाच्या सोळा लिफ्टरांना खिळ्या, सिलिंडर चालू-बंद ठेवण्याचे १७ नमुने, आणि कोणता नमुना लावायचा याचा निर्णय सेकंदाला ८० वेळा. आधी रजेची सोय आठ लिफ्टरांना होती, आता सगळ्यांना झाली. २०२१ च्या नव्या एसयूव्हींना हीच यंत्रणा मिळाली. बदनामी एकट्या जनरल मोटर्सची नाही म्हणा. क्रायस्लरच्या हेमी इंजिनांच्या टिकटिकीला तर तिकडे ‘हेमी टिक’ असं लाडकं नावच पडलं आहे.

आता हिशेब. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीनं काही पिकअप या यंत्रणेच्या मॉड्यूलशिवायच विकले आणि सांगितलं, की मायलेज गॅलनमागे एक मैलानं कमी मिळेल. दोन दशकांच्या संशोधनाचं मोल असं अनवधानानं जाहीर झालं. वर्षाला १२,००० मैल धावणारी गाडी गॅलनला १७ ऐवजी १८ मैल गेली, तर सुमारे ४० गॅलन वाचतात. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर वर्षाला १४० डॉलर, पाच वर्षांत सातशे. वॉरंटी संपल्यावर हेड उतरवून लिफ्टर बदलायचे आणि कॅमशाफ्टही गेला असेल, तर बिल काही हजार डॉलरांत जातं. मायलेजचा आकडा कंपनीच्या खात्यात जमा, बिल मालकाच्या नावे.

म्हणून तिकडे एक वेगळाच बाजार उभा राहिला आहे. डायग्नोस्टिक पोर्टात खोचायचं एक उपकरण मिळतं. ते एवढंच करतं, की कुठल्याही सिलिंडरला रजा मिळू देत नाही. म्हणजे यंत्रणेचे पैसे गाडीबरोबर भरायचे आणि ती बंद ठेवण्याचे वेगळे. भीक नको पण कुत्रं आवर, ही विनवणी आता प्लास्टिकच्या डबीत मिळते. त्यातही खोच अशी, की डबी खिळ्यांचं सरकणं थांबवते, नाजूक लिफ्टर आत तसेच राहतात.

दुरुस्तीच्या कल्पकतेत कंपनीही मागे नाही. एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटर इंजिनाच्या सुमारे सहा लाख गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या गेल्या. दुखणं वेगळं होतं, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचं. तपासणीत नापास होणाऱ्या गाड्यांना दुरुस्ती किंवा नवं इंजिन. पास होणाऱ्यांना जास्त दाट ऑइल, नवा फिल्टर, ऑइल भरण्याच्या तोंडाचं नवं झाकण आणि माहितीपुस्तिकेत घालायला एक पान.

आपल्याकडे हा ताप आला नाही. कंपनीनं २०१७ अखेर भारतातली विक्रीच बंद केली, तळेगावचा कारखानाही आता ह्युंदाईकडे गेला. शेवर्लेची टवेरा अजून कुठे कुठे दहा माणसं कोंबून घाट चढताना दिसते. तिला सिलिंडर चारच, पण एकालाही रजा नाही.

तेव्हा न्यू जर्सी किंवा टेक्ससमध्ये अशी गाडी घेणाऱ्या मराठी मंडळींनी दोन गोष्टी कराव्यात. कंपनीच्या शेवर्ले आणि जीएमसी गाड्यांची इंजिन-वॉरंटी ५ वर्षं किंवा ६० हजार मैल, यांतलं जे आधी संपेल तेवढीच असते. टिकटिक ऐकू आली तर ती वॉरंटी संपण्याआधीच सर्व्हिस सेंटरच्या कागदावर लिहून घ्यावी. आणि वापरलेली गाडी पाहायला जाताना रात्रभर थंड झालेलं इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावावं. बॉनेट आधीच गरम लागलं, तर सौदा न करता दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावं.