वाघ सोडा, एसटी पकडा

नवा कॅमेरा घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: ताडोबाचं बुकिंग कधी मिळेल? दुसराही ठरलेला: वाघ दिसेल ना? तिसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. घरापासून दोन तासांवर काय आहे?

अभयारण्य निवडताना आपण प्राणी आधी ठरवतो, रस्ता मागाहून. उलट करा. चांगला फोटो मिळतो तो एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्यानं. खंड्या कुठल्या काठीवर बसतो, ऊन कुठून येतं, पाणी कधी ओसरतं, हे पहिल्या फेरीत कुणाला कळलंय? वर्षातून एकदा गाठता येतं ते जंगल म्हणजे सहल. दर महिन्याला गाठता येतं ते तळं म्हणजे अभ्यास.

आता ताडोबाचा हिशेब मांडा. प्रवेशशुल्क, जिप्सीचं भाडं, गाइडचे पैसे, कॅमेऱ्याचे वेगळे, मुक्कामाचे वेगळे, चंद्रपूरपर्यंतच्या प्रवासाचे आणखी वेगळे. मंगळवारी बंद. पावसाळ्यात कोअर बंद. एवढं करून गाडीतून उतरायचं नाही, आणि गाडी कुठे थांबायची हे ठरवणार पुढच्या गाड्यांची रांग.

रांग काय करते तेही आपण पाहिलं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. वाघिणीला तिच्याच जंगलात रस्ता मिळावा म्हणून न्यायालय लागतं?

मग जायचं कुठे?

पुणेकरांनी भिगवणला. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, चित्रबलाकांची सोबत असतेच. गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर, रेल्वे स्टेशनही आहे. होडी वल्हवणाऱ्या मच्छीमाराला कुठल्या पाण्यात आज काय उतरलंय ते तोंडपाठ. कागदावर हे अभयारण्य नाही. गेट नाही म्हणून जाणं सोपं, आणि गेट नाही म्हणूनच जपणं अवघड.

नाशिककरांनी नांदूर मध्यमेश्वरला. निफाड तालुका, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ. १९८६ पासून अभयारण्य आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. जगानं मानाच्या यादीत घातलेलं पाणी द्राक्षबागांच्या पलीकडे आहे, आणि आपण विदर्भातल्या रिसॉर्टचे दर विचारत बसतो.

मुंबईकरांना तर सबबच नाही. बोरिवली स्टेशनवर उतरून चालत जावं, तर शंभर चौरस किलोमीटरहून मोठं राष्ट्रीय उद्यान. पनवेलच्या पुढे महामार्गालाच लागून कर्नाळा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, रामसरचा दर्जा २०२२ चा, आणि ऐरोलीच्या केंद्रातून बोटही निघते. तिथली वेळ भरती-ओहोटी ठरवते. लोकलचं वेळापत्रक पाठ असलेल्या शहराला भरतीचं वेळापत्रक जड का जावं?

माळरानाचं नाव काढलं की मात्र सगळे विचारतात: तिथे काय आहे?

काय नाही? सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीत काळवीट आहे, क्षेत्र २.१७. छोटी जागा, मोकळा प्रकाश, मध्ये फांदी नाही. इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. तिथला लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाच्याच पंगतीत. तरीही ज्या गवतात तो राहतो त्याला आपण ‘पडीक’ म्हणतो.

जवळ जाता येतं म्हणजे अंगावर जाता येतं असं नाही.

पावसाळ्यात कर्नाळ्यात तिबोटी खंड्या घरटं करतो, आणि त्याच्या बिळासमोर ट्रायपॉड उभे राहतात. भिगवणला कुरवांना शेव टाकून उडती चित्रं टिपली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणंही त्यात येतं. बंदूक न उचलता शिकारी व्हायचं असेल, तर घरट्याला खेटून उभं राहा.

त्यापेक्षा बसा.

पक्षी चालत्या माणसाला घाबरतात, उभ्या गाडीला फारसे नाही. इंजिन बंद करा, काच खाली घ्या, तांदळाची पिशवी काचेवर ठेवा, त्यावर लेन्स टेकवा आणि हलू नका. थोड्या वेळानं पक्षीच जवळ येतात. आता जरा विचार करा. या कामात चालावं कुठे लागलं? धावावं कुठे लागलं? गुडघे गेलेल्या आजीला, व्हीलचेअरवरच्या मुलाला हे सगळं तुमच्याइतकंच जमेल. अट एकच. त्यांना तिथवर पोचू द्या.

इथेच घोडं अडतं.

जिप्सीची पायरी उंच. पक्षी पाहायच्या मनोऱ्याला अरुंद जिना. काठाकडे जाणारी वाट दगडांची. स्वच्छतागृह असलं तर त्याला पायऱ्या, नसलं तर बायकांनी सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. पर्यटकांसाठी पर्यटकांच्याच पैशातून बांधलेल्या जागा त्यातून कशा सुटतात?

‘निसर्गात सिमेंट नको,’ हे उत्तर तयार असतं. बरोबर, नको. पण मनोरा कशानं बांधला? जिना कशानं बांधला? पार्किंगला फरशी घालताना निसर्ग आठवला नाही, तो नेमका उताराच्या वेळीच आठवतो.

आणि फोटोग्राफरला तर मनोरा नकोच असतो. उंचावरून टिपलेला करकोचा पाण्यावरच्या ठिपक्यासारखा दिसतो. पाणपक्ष्याचं चांगलं चित्र त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून मिळतं. म्हणजे हवं काय? काठाशी, जमिनीलगत, बांबू आणि गवताचं एक साधं हाइड. आत बाक, समोर बसल्या डोळ्याच्या उंचीवर एक फट, आणि तिथवर नेणारी चेपलेल्या मुरुमाची सपाट वाट. व्हीलचेअरवाल्याला जे लागतं तेच लेन्सवाल्याला लागतं. मग मनोरा कुणासाठी बांधतो आपण? उद्घाटनासाठी?

हाइडचा दुसरा फायदाही मोठा. आत बसलेला माणूस पक्ष्याला दिसत नाही, त्याच्या मागे धावत नाही, चिखल तुडवत नाही. दहा जण काठावर फिरण्यापेक्षा दहा जण आत बसलेले बरे. लोकांना आत घ्यायचं की पक्ष्यांना जपायचं, या जुन्या भांडणाचं उत्तर एवढं स्वस्त आहे.

मागण्या तरी किती मोठ्या? सूर्योदयाला उघडं असणारं गेट. पहाटे पोचवणारी आणि अंधार पडण्याआधी परत आणणारी एसटी. वापरता येईल असं स्वच्छतागृह. जमिनीलगतचं एक हाइड. आणि या ठिकाणी कुणाला कुठवर जाता येतं ते खरं सांगणारी मराठी पाटी. यात महागडं काय आहे?

महाग पडतं ते गप्प बसणं. वाघ दिसला नाही तर आपण गाइडला जाब विचारतो. आजी मनोऱ्याखालीच बसून राहिली, याचा जाब मात्र कुणालाच विचारत नाही.

पुढचा हिवाळा यायला वेळ आहे. तुमच्या जवळच्या अभयारण्याच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला एक पत्र लिहा. त्यात एकच ओळ पुरे: आम्हाला यायचंय, सगळ्यांना घेऊन.