उजव्या बटणाचा पसारा

विंडोजमध्ये फाइलवर माउसचं उजवं बटण दाबल्यावर जी यादी उघडते ती आपली असते, हा एक गोड गैरसमज. फाइली आवळून बांधणारा विनरार येतो, चार ओळी अडवतो. अँटीव्हायरस ‘स्कॅन करू का?’ म्हणून दारातच उभा. फाइलचं नाव बदलायला निघालेला माणूस यादी वाचता वाचता कोणतं नाव द्यायचं होतं तेच विसरतो.

2021 साली विंडोज 11 आलं आणि मायक्रोसॉफ्टनं ही गर्दी आवरायला घेतली. म्हणजे वर आटोपशीर यादी ठेवली, कट-कॉपीच्या शब्दांची चित्रं केली आणि जुनी यादी सगळ्या आगंतुकांसकट ‘शो मोअर ऑप्शन्स’मागे ढकलली. पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा पलंगाखाली सारायची आपली घरगुती रीत!

जुनी यादी हवी तर शिफ्ट आणि एफ10 दाबा. कायमची हवी? मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात उतरा, बत्तीस आकडे-अक्षरांच्या नावाची एक की तयार करा, तिच्या पोटात दुसरी, आणि त्या दुसरीची व्हॅल्यू रिकामी ठेवा. पण नुसती सोडून देऊन चालत नाही. उघडून, काहीही न लिहिता, ‘ओके’ म्हणावं लागतं. काही न लिहिल्याचीही नोंद लागते, इतकं चोख काम!

नको त्या ओळी काढायची सोय विनरार आणि त्याच्याच जातीच्या 7-झिपच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच असते. आधी तिथे बघा. रजिस्ट्रीला हात लावायचाच असेल, तर तिची एक प्रत काढून ठेवा.