डावीकडच्या ब्रेकच्या मालकांस

प्रति,
आदरणीय सर,
मुक्काम: शिकाऊ गाडी, डावीकडची सीट

विषय: आपण मला मोटार नीट चालवायला शिकवल्यामुळे झालेल्या नुकसानीबाबत.

स.न.वि.वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय याला कारण तुम्हीच आहात. शिकवणी चालू असताना तुम्ही फोन उचलत नाही आणि तुमची शिकवणी पहाटे सहापासून दिवेलागणीपर्यंत चालूच असते. तीन आठवडे प्रयत्न केला, मग नाद सोडला.

नुकसानीचा हिशेब करायचा तर आधीची शिल्लक सांगायला हवी. 2004 साली, चोविसाव्या वर्षी, मला पक्कं लायसन्स मिळालं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे 20 वर्षांचं. या 20 वर्षांत ते मी सिमकार्डासाठी दाखवलं, विमानतळावर दाखवलं, लॉजच्या काउंटरवर ठेवलं. बँकेत सही जुळेना तेव्हाही तेच धावून आलं. मोटार चालवताना दाखवायचा प्रसंग तेवढा आला नाही, कारण मोटार मला येत नव्हती. 2024 मध्ये नूतनीकरण करायची वेळ झाली. चाळिशी उलटलेली, म्हणून डॉक्टरांचा फॉर्म 1-अ भरून घेतला. डोळे ठीक, कान ठीक, हातपाय जागच्या जागी. गाडी येते का, असा रकाना त्यात नव्हता. आणखी 10 वर्षं मी कायद्याने चालक ठरलो.

याचं सगळं श्रेय माझ्या पहिल्या मास्तरांना. त्यांचं नाव घेत नाही. गुरूची निंदा करू नये. आम्ही तिघं शिकाऊ एका गाडीत, एक पुढे, दोघं मागे. अर्ध्या तासाची बॅच, म्हणजे प्रत्येकी 10 मिनिटं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 31 वा नियम सांगतो की आपल्यासारख्यांच्या घरच्या गाडीसाठी शिकवणी किमान 21 दिवस हवी आणि त्यात हाताखाली गाडी किमान 10 तास हवी. दिवस आम्ही काटेकोर भरले. तास साडेतीनच झाले. त्या साडेतीन तासांतही क्लच मास्तरांच्या पायाखाली, ब्रेक त्यांच्या पायाखाली, गिअर त्यांच्या मुठीत, आणि मी जत्रेतल्या चक्राकार मोटारीत बसवलेल्या पोरासारखा स्टिअरिंग धरून. शिकाऊ गाडीला दुहेरी कंट्रोल हवेत हे नियमातच आहे. अडचणीच्या वेळी मास्तरांना गाडी थांबवता यावी म्हणून. आमच्या गाडीत ती अडचण 21 दिवस उजव्या सीटवर बसलेली होती. आणि मी घरी येऊन सांगायचो, गाडी मस्त चालते माझ्या हातात. वडील म्हणाले, चालवून दाखव. घरी गाडी नव्हती म्हणून निभावलं.

असा मी सुखात असताना तुम्ही भेटलात.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझा उजवा पाय कामावरून काढलात. दोन दिवस ॲक्सिलरेटरला शिवायचं नाही. फक्त क्लच. इतका सावकाश सोडायचा की इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, बोनेट अंगावर काटा आल्यासारखं थरथरतं. तिथे पाय रोखायचा आणि गाडीला आपणहून निघू द्यायचं. पहिल्या सकाळी गाडी 31 वेळा बंद पडली. मी मोजत होतो. तुम्ही मोजत नव्हतात, तुम्ही शेंगा सोलत होतात.

या शेंगांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर भाजक्या शेंगा, त्यावरच टरफलं. मी दचकून ब्रेक मारला की टरफलं तुमच्या पायाशी. मग ती कोणी उचलायची? ज्याच्या ब्रेकने सांडली त्याने. सर, आपण पुण्यात राहतो. शेंगा आपण खाल्ल्या नसतील तर टरफलं उचलायची नाहीत, ही या गावाची शाळकरी वयापासूनची शिकवण आहे. मी ती मोडली. नऊ दिवस टरफलं उचलली. दहाव्या दिवशी कर्वे पुतळ्यापासून घरापर्यंत एकही सांडलं नाही. त्या दिवशी तुम्ही शाबासकी वगैरे काही दिली नाहीत. एक शेंग दिलीत.

मग डोळे. बोनेटकडे बघायचं नाही. खड्ड्याकडेही टक लावून बघायचं नाही, कारण नजर खड्ड्यात गेली की गाडी मागोमाग जाते. बाजूच्या चांगल्या रस्त्याकडे बघायचं. रिक्षावाल्याच्या हाताकडे, पायाकडे, चेहऱ्याकडे बघून काही कळत नाही. रिक्षाचं पुढचं चाक बघायचं, ते खोटं बोलत नाही. थांबलेल्या बसच्या पुढून माणूस निघणार हे धरूनच चालायचं. उभ्या मोटारीत ड्रायव्हरच्या जागी डोकं दिसलं की दार उघडणार. टेम्पोच्या खालून पलीकडचे पाय दिसतात का, ते बघायचं. रस्त्यावर चेंडू आला तर चेंडूला वाचवायच्या भानगडीत पडायचं नाही, त्याच्या मागून कोण येतंय त्याची वाट बघायची. हे सगळं आता माझ्या डोक्यात कायमचं घुसलंय. पूर्वी मी रस्त्याने चालताना गाणी गुणगुणायचो. आता टेम्पोखालचे पाय मोजतो.

एकविसाव्या दिवसाच्या आसपास पौड रस्त्याला एका बोळातून टेम्पो उलटा बाहेर आला. गाडी हात-दीड हात अलीकडे, अगदी अलगद थांबली. मी घामाघूम. म्हटलं, सर, थँक्यू, वेळेवर ब्रेक मारलात. तुम्ही खाली बोट दाखवलंत. तुमचे दोन्ही पाय तुमच्या ब्रेकपासून वीतभर मागे होते. कधीपासून, विचारलं तर म्हणालात, "शनिवारपासून."

त्या दिवशी मंगळवार होता.

इथवरचं मी सोसलं. खरं नुकसान मी एकटा गाडी घेऊन बाहेर पडल्यावर सुरू झालं.

नळ स्टॉपच्या अलीकडे झेब्रा पट्ट्यांपाशी एक आजोबा पिशवी घेऊन उभे होते. तुम्ही शिकवल्याप्रमाणे आरशात बघितलं, हळू झालो, थांबलो. आजोबाही थांबले. मी हाताने 'या' केलं. त्यांनी मागे वळून बघितलं, कोणाला बोलावतोय म्हणून. मागून हॉर्नचा वाद्यवृंद सुरू झालेला. शेवटी आजोबा माझ्या खिडकीशी आले, काच खाली करायला लावली आणि विचारलं, "बंद पडली का?" म्हटलं, नाही, तुम्ही आधी जा. ते म्हणाले, "का? माझ्याकडे काय काम आहे तुमचं?"

पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, हे तुमचं दुसरं पाप. हिशेबही तुम्हीच करून दाखवला होतात: ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर, म्हणजे समोरच्याचा लाल दिवा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी चार मोटारींएवढा रस्ता संपला. हिशेब चोख आहे. पण सर, पुण्यात अंतराला अंतर म्हणत नाहीत, जागा म्हणतात. मी दोन सेकंदांची जागा सोडली की तीत एक स्कूटर येते. स्कूटरपासून अंतर ठेवायला मी मागे सरतो, तर रिक्षा येते. रिक्षापासून मागे सरतो, तर रिक्षाच्या मागून आणखी कोणी. या गतीने कोथरूडहून डेक्कनला निघालेला मी एक दिवस उलट्या बाजूने पौडला पोचेन.

इंडिकेटरचं तर बोलायलाच नको. उजवीकडे जायचं म्हणून मी तो लावतो. मागचा माणूस त्याचा अर्थ 'आता घाई करा' असा घेतो. महामार्गावर पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला की 'मी वळतोय' की 'तू जा', हे ट्रकच्या मनात शिरून ठरवावं लागतं. आणि हॉर्न? 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरं ट्रकच्या मागे लिहायला महाराष्ट्र सरकारने 2015 साली मनाई केली. एवढ्या वर्षांत ती मनाई पूर्णपणे पाळणारा माणूस मला एकच माहीत आहे, आणि त्याच्याकडे ट्रक नाही.

चांदणी चौकाची भरपाई वेगळी मागणार आहे. जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे स्फोटकं लावून पाडला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवा चौक खुला झाला, आणि तेव्हापासून तिथे भल्याभल्यांना दिशा विचाराव्या लागतात. तुमचं सांगणं असं की रस्ता चुकला तर चुकू द्या, गाडी मागे घेऊ नका, पुढे जाऊन वळा. मुळशीला जायचं होतं. चुकलो. निमूटपणे पुढे गेलो आणि वारज्याला पोचलो. माझ्या पुढचा एक गृहस्थही तोच रॅम्प चुकला होता. त्याने भर वाहतुकीत धोक्याचे चारही दिवे लावले आणि अख्खा रॅम्प उलटा उतरला. मुळशीच्या धरणाशी पोचलो तेव्हा तो कणीस खाऊन संपवत होता.

आता घाटाचं सांगतो. ते नुकसानीत धरायचं की नाही, हे माझं अजून ठरत नाही.

श्रावणात ताम्हिणीने कोकणात उतरत होतो. तुमच्या सांगण्याप्रमाणे ज्या गिअरात हा घाट चढलो असतो त्याच गिअरात. ब्रेक तापवायचा नाही, इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची. एका अरुंद वळणावर खालून एसटी येताना दिसली. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्याचा हक्क पहिला, हे तुम्ही पहिल्या आठवड्यात शिकवलं होतंत. 2017 च्या वाहन चालविण्याच्या विनियमांतही ते लिहिलेलं आहे. उतरणारा थांबून परत निघू शकतो. चढावर थांबलेल्या भरल्या गाडीला पुन्हा निघताना काय सोसावं लागतं, ते तुमच्या 31 वेळांच्या सकाळीच मला कळलं होतं. मी वळणाच्या वर, डोंगराच्या अंगाला थांबलो. मागचे तीन थांबले, नाइलाजाने. चौथा मात्र आम्हा सगळ्यांना ओलांडून सुसाट गेला आणि एसटीच्या नाकासमोर जाऊन उभा राहिला. आता त्याला चढावर रिव्हर्स घ्यायची होती, आणि ती त्याला येत नव्हती. त्याचंही लायसन्स माझ्यासारखंच सिमकार्डाचं असावं. एसटीच्या ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला, डोक्यावरच्या फळीवरून घडी घातलेला पेपर काढला आणि वाचायला लागला. पाऊस, धुकं, क्लच जळाल्याचा वास. दहा-बारा मिनिटांनी ते गृहस्थ इंचाइंचाने मागे आले.

एसटी वर निघाली. माझ्या शेजारून जाताना ड्रायव्हरने मान वळवली नाही, हसला नाही. स्टिअरिंगवरची दोन बोटं वर केली आणि परत ठेवली. बस्स, तेवढंच. मी माणगावपर्यंत त्या दोन बोटांवर गाडी चालवली, सर. बायकोने दोनदा विचारलं, कसला विचार करतोयस.

बायकोचा विषय निघालाच आहे तर मुख्य तक्रार करून पत्र संपवतो. ती मोटार गेली बारा वर्षं चालवते. भावाकडून शिकली, उरलेलं लक्ष्मी रस्त्याने शिकवलं. ती वेळेवर पोचते, गाडीवर ओरखडा नाही, तिच्या पुढे कोणी घुसत नाही. पूर्वी मी तिच्या शेजारी बसून गाढ झोपायचो. आता थांबलेली बस दिसली की माझा उजवा पाय खाली जातो. रिक्षाचं चाक वळलं की पाय खाली. टेम्पोच्या पलीकडे कोणाची चप्पल दिसली की पाय खाली. तिकडे काहीच नाही, नुसती रबरी चटई. तिला तीन महिन्यांत भोक पडलं. परवा सिग्नलला बायकोने विचारलं, "अरे, तू शिलाई मशीन चालवतोयस का?"

तुमचे पाय वीतभर मागे कसे राहिले, हे मला अजून समजलेलं नाही. एकविसाव्या दिवशी तुम्ही ते शिकवायला हवं होतंत. अभ्यासक्रमात बसत नसेल तर निदान एवढं करा: तुमची जुनी गाडी यंदा मोडीत काढणार असं ऐकतो, तिचा डावीकडचा ब्रेक माझ्यासाठी काढून ठेवा. कशाला जोडलेला नसला तरी चालेल.

आपला,
एक माजी शिकाऊ
कोथरूड, पुणे 38

ता. क. सोबत अर्धा किलो भाजक्या शेंगा पाठवत आहे. सध्याचा विद्यार्थी कितव्या दिवसावर आहे ते कळवावे. त्या मानाने केरसुणीही पाठवीन.