तारे जागेवर बसेपर्यंत

खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरसाठी स्प्लॅश स्क्रीन काढणं हे वरवर पाहता मोठं सुखाचं काम. अख्खं विश्व समोर बसायला तयार, तेही विनामोबदला. चित्राचं आयुष्य मात्र काही सेकंदांचं; तेवढ्यात प्रकाश फार तर चंद्रावर जाऊन परत येईल. स्टेलेरियम हे असंच एक सॉफ्टवेअर. ते उघडलं की सहा लाखांहून अधिक ताऱ्यांची यादी आत कुठेतरी उलगडत असते आणि तोवर माणूस कंटाळू नये म्हणून पुढे एक चित्र उभं करतात. संगीत नाटकाची नांदी चालू असताना उशिरा आलेली मंडळी अंधारात आपापली खुर्ची चाचपडत, तसे इथे व्याध, अभिजित आणि कृत्तिका चाचपडत असतात.

पेच एवढाच, की चित्र कोणतं घ्यावं? हात पहिल्यांदा जातो तो हबलनं १९९५ साली टिपलेल्या, गरुड तेजोमेघातल्या त्या प्रसिद्ध खांबांकडे. त्यांचा रंग मात्र वाटून दिलेला आहे: गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. टिपलेला प्रकाश गंधकाचाही तांबडा आणि हायड्रोजनचाही तांबडाच. दोघांतला फरक कळावा म्हणून एकाला हिरव्यात बसवलं. यात लबाडी काही नाही. पण ते चित्र पाहून ज्यानं हौसेनं छोटी दुर्बीण घेतली आणि मृगातल्या तेजोमेघावर रोखली, त्याला दिसतो राखाडी धुक्याचा एक पुंजका, आणि तो बिचारा भिंग पुसत बसतो. खरं आकाश दाखवायचं तर पडदा जवळजवळ काळाच ठेवायला हवा. पण काळा पडदा दिसला की लोक संगणक अडकला असं समजून बटणं दाबू लागतात. विश्वाचा बहुतेक भाग आपल्याला बिघाडासारखा दिसतो, त्याला चित्रकारानं काय करावं?

स्टेलेरियम दुपारी उघडलं तर आणखीच गंमत. रंगांची उधळण संपते आणि समोर येतं फ्रान्समधल्या एका खेड्याचं गवत, झाडं आणि लख्ख निळं आभाळ. तारा एकही नाही, कारण दुपार आहे! २००० साली हे काम हाती घेणाऱ्या फाबियाँ शेरो यांच्या या सॉफ्टवेअरचा हा सरळपणा मला फार आवडतो. मग ‘ए’ दाबलं की वातावरण जातं, ‘जी’ दाबलं की जमीन जाते, आणि पायाखालीही तारे लागतात.

भारनियमनाच्या दिवसांत असलं बटण आमच्या हातात नव्हतं, पण कुणीतरी कुठेतरी ते दाबायचं. दिवे गेले की अख्खी सोसायटी गच्चीवर. आई वर्तमानपत्रानं वारा घेत विचारायची, “अरे, तो शुक्र की विमान?” उत्तर सुचायच्या आत शुक्र विमानतळाकडे वळायचा. दिवे आले की पोरं ओरडत जिन्याकडे धावायची. आई म्हणायची, “पंखा लावून ठेव, मी येते,” आणि यायची नाही.

मला विचाराल तर मी चित्रात तीच गच्ची घेईन: कोपऱ्यात पाण्याची टाकी, वर मृगातला तो राखाडी पुंजका. टाकी काढा, असं कुणीतरी सांगेलच. नवे संगणक मात्र इतक्या चपळाईनं तारे मांडतात, की टाकी होती की नव्हती यावर भांडायलाही सवड मिळणार नाही. संगणक जरा रेंगाळावा असं सॉफ्टवेअर करणाऱ्या अख्ख्या चमूत बहुधा एकट्या चित्रकारालाच वाटत असेल.