पुराव्यानिशी गुरुजी

गुलमंडीचा भूगोल शिक्षण खात्याने एकदा चालत जाऊन पाहावा. चालतच, कारण गाडी लावायला जागा मिळणार नाही. शहराचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण तो प्रश्न जागच्या जागी आहे. पैठण गेटला मोबाइलची दुकानं एकाला एक खेटून. तिथून टिळक पथाने, दुचाक्यांचे आरसे चुकवत, गुलमंडीच्या चौकात यायचं. इथे कापडच कापड. थोडं पुढे औरंगपुरा, म्हणजे वह्या, पुस्तकं, खडू, नकाशे. शाळेला लागणारं सगळं या एका ओळीत मिळतं. प्रश्न एवढाच, की मास्तरांनी आधी कोणत्या टोकाला जायचं? पूर्वी उत्तर सोपं होतं. आज खडूची पेटी उद्या आणली तरी चालते, पण मोबाइलची बॅटरी दुपारी बारालाच मान टाकत असेल तर पैठण गेट आजच गाठावं लागतं. तिथे जाण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती कारणाला. आपल्या शाळांत मोबाइल आला तो मुलांना शिकवायला कमी आणि मुलांना शिकवलं हे साहेबांना दाखवायला जास्त.

हा नुसता संशय नव्हे, शासन निर्णयाने सिद्ध झालेली गोष्ट आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने फर्मान काढलं, की जानेवारी 2017 पासून दर सोमवारी शिक्षकांनी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढावी आणि ती शिक्षण विभागाच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर चढवावी. हेतू उदात्त होता, मुलांची गळती थांबावी. आता हिशेब करू. वर्गात साठ मुलं, म्हणजे सहा सेल्फी. गट उभा करणं, डोळे मिटलेल्याला हटकणं, मागून शिंगं दाखवणाऱ्याला समज देणं, यात एका गटाला तीन मिनिटं धरली तरी अठरा मिनिटं गेली. पस्तीस मिनिटांच्या तासातला अर्ध्याहून जास्त वेळ. शिवाय जो मुलगा शाळेत आलाच नाही, तो सेल्फीत येणार कसा, हे गणित कोणी सोडवलं नाही. शिक्षकांनी ओरड केली आणि निर्णय स्थगित झाला. निर्णय गेला, पण सवय राहिली. 2023 च्या डिसेंबरपासून हजेरीसुद्धा चॅटबॉटवर आली. हजेरीपट सुटला असता तर एक वेळ समजलो असतो; तोही टेबलावर आहेच.

उपक्रमाचा फोटो कधी बारकाईने पाहा. फळ्यावर रंगीत खडूने तारीख, वार, उपक्रमाचं नाव. अक्षर इतकं नेटकं, की उपक्रमापेक्षा जास्त वेळ त्यालाच लागला असावा. पुढच्या रांगेत तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, लाल रिबिनी, हातात पुस्तक, आणि नजर पुस्तक सोडून सगळीकडे. शर्टाचं बटण तुटलेला मुलगा तिसऱ्या रांगेत, उंच मुलाच्या आड. कोपऱ्यात अक्षांश-रेखांश उमटलेले. भूगोलाच्या तासाला ते कोणाला कळले नसतील, पण फोटोला बिनचूक कळलेले असतात. मग हा फोटो केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर पडतो. वर ‘अत्यंत तातडीचे’, खाली ‘ओके सर’, मधे कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि त्या केकखाली सापडलेली एक लिंक, जी दुपारी दोनपर्यंत भरायची होती. यात एकच माणूस गैरहजर असतो: आपला फोटो कुठे कुठे गेला हे ज्याला कोणी विचारलं नाही, तो विद्यार्थी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पुरावा मागितला नाही तर मास्तर शाळेत येतील कशावरून? आक्षेप पोकळ नाही. आपल्या जागी दुसऱ्यालाच वर्गावर उभं करणाऱ्या शिक्षकांच्या तक्रारी होत्या, म्हणून तर 2022 मध्ये ‘आपले गुरुजी’ या नावाखाली शिक्षकांचे फोटो वर्गाच्या भिंतीवर लावायचा आदेश निघाला. आणि देखावा आजचाही नाही. पूर्वी इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हटलं, की भिंतींना चुना लागायचा, हुशार पोरं पुढच्या बाकावर यायची आणि पाठ केलेली उत्तरं उसळायची. पण ते सोंग वर्षातून एकदा असायचं आणि साहेब शेरेबुकात शेरा लिहून गेले, की उरलेलं वर्ष शिकवायला मोकळं. आता साहेब रोज खिशात असतात. गुलमंडीतला साडीवाला काचेतला पुतळा नेसवतो, पण विक्री गादीवर, घडी उलगडूनच होते हे त्याला ठाऊक असतं; तो दिवसभर पुतळाच नेसवत बसला तर गल्ला रिकामा राहील. कामचुकाराला पकडायला फोटो निकामी आहे. फोटोपुरतं येणं हे शिकवण्यापेक्षा नेहमीच सोपं असतं, आणि जो चुकवायचं म्हणतो त्याला ते आधी जमतं. जाच होतो तो इमानाने शिकवणाऱ्याला, कारण त्याला दोन्ही कामं करावी लागतात.

दुसरा आक्षेप मोठ्या नावाने येतो: रणजितसिंह डिसले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले. त्यांचं गाजलेलं काम पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं. मोबाइल वाईट असता तर हे झालं असतं का? मुळीच नाही, आणि हा दाखला मला माझ्याच बाजूचा वाटतो. तो चौकोन पुस्तकात छापलेला असतो, मूल तो उघडतं, धडा ऐकतं. माल शाळेकडून मुलाकडे जातो. एप्रिल 2020 मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणून रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येऊ लागला, त्याचीही दिशा तीच होती. फोन नसलेल्या घरांचं काय, हा प्रश्न तेव्हाही जळत होता, तो विसरून चालणार नाही. पण निदान बाण मुलाकडे वळलेला होता. तेच यंत्र, तोच ग्रुप, आणि बाण मुलाकडून साहेबांकडे वळला, की शिक्षक छायाचित्रकार होतो.

तिसरा मुद्दा मात्र मला अर्धा मान्य करावा लागतो. पट टिकवायचा असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेला आपलं काम लोकांना दाखवणं भाग आहे. इंग्रजी शाळेची पिवळी बस दारात येऊन हॉर्न वाजवते. तिच्यापुढे गावच्या शाळेने बालआनंद मेळाव्याची रील टाकली तर तिला नावं कोण ठेवणार? तिचे व्ह्यूज बघून दोन पालक दाखला परत घेऊन आले तर मी स्वतः लाइक करीन. फक्त रील चांगली व्हावी म्हणून ‘बे एके बे’ चार वेळा नव्याने म्हणायला लावू नये. पाढा पाठ होतो, हे खरं. पण मूल कॅमेऱ्याकडे बघून म्हणायला शिकतं, आणि परीक्षेत कॅमेरा नसतो.

या सगळ्याची नाडी शिक्षकांना खात्यापेक्षा चांगली सापडलेली आहे. सप्टेंबर 2024 मध्ये कंत्राटी नेमणुका आणि संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या, निकषांविरुद्ध राज्यातले प्राथमिक शिक्षक आंदोलनात उतरले. त्यांनी काळ्या फिती लावल्या आणि प्रशासनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडायला सुरुवात केली. एरवी आंदोलन म्हटलं की काम बंद पडतं. इथे या टप्प्यावर वर्ग चालू राहिले आणि ग्रुप ओस पडले, तरी वर धावपळ झालीच असणार. बाहेर पडलेल्यांची माहिती मागवायची तर ती कोणत्या ग्रुपवर, हा पेच एखाद्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्या आठवड्यात नक्की पडला असेल. आणि जे ग्रुपमध्ये राहिले होते, त्यांनी सवयीने ‘निरंक’ असं कळवूनही टाकलं असेल.