एका ‘झेड’ची कैफियत

फ्लॉरेन्सच्या आल्बिझ्झी घराण्यातील एका सरदाराने अठराव्या शतकाच्या मध्यास रेशमी फुलांचे एक झाड युरोपात आणले आणि दुरात्सिनी या अभ्यासकाने १७७२ साली त्या झाडाच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, त्या घराण्याचे नाव बहाल केले. मात्र आडनावातील दोन ‘झेड’पैकी एक झाडाच्या वाट्याला आलाच नाही. पुढच्या विद्वानांनी सौजन्याने तो भरून काढला, आणि हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’तही याच प्रजातीतला आपला शिरीष दोन ‘झेड’ लावूनच मिरवला. नेमके हेच सौजन्य पुढे अपराध ठरले, कारण वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता म्हणते की छापखान्याची चूक सुधारावी, पण नाव देणाऱ्याने समजूनउमजून केलेले लेखन, ते मूळ आडनावाशी जुळत नसले तरी, जपावे. शिरीष मुकाट्याने एका ‘झेड’वर आला. याच न्यायाने लिनियसने १७५३ साली वडाच्या बंगालवाचक नावात घातलेला ‘एच’ आजही अढळ आहे, मग पुढच्यांनी तो कितीदाही गाळलेला असो.

बोगनवेलीचे प्रकरण मात्र वेगळे. बुगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव १७८९ साली काही अक्षरे गाळून छापले गेले होते; तेथे मूळ लेखनाला निरोप देऊन रूढ लेखन ‘संरक्षित’, म्हणजे नियमाला अपवाद म्हणून मान्य, करण्यात आले. सोसायट्यांच्या कुंपणांवर चढून बसलेल्या काटेरी वेलीशी वाद घालण्याची हिंमत शास्त्रालाही झाली नसावी.

व्यक्तिगौरवातही काटेकोर हिशेब आहे. व्यंजनान्त आडनावापुढे दोन ‘आय’ लागतात, ‘ईआर’ने संपणाऱ्या आडनावापुढे मात्र एकच, त्यामुळे कलकत्त्याच्या उद्यानाचे अधीक्षक वॉलिक यांना दोन मिळतात, तर क्यू उद्यानाचे संचालक हूकर यांची एकावर बोळवण होते. सेवाज्येष्ठता विचारात घेतली जात नाही.

२०२४ साली माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र अधिवेशनात, दक्षिण आफ्रिकेत वांशिक शिवी ठरलेल्या ‘काफ्रा’ या विशेषणातील आद्य ‘सी’ मतदानाने काढण्यात आला आणि दोनशेहून अधिक नावांचे लेखन बदलले. बाजूने ३५१ मते पडली, विरोधात २०५. एवढे एक अक्षर गेल्याने नावांच्या स्थैर्याला धक्का बसेल, अशी चिंताही विरोधकांकडून व्यक्त झाली.